सीटी की एमआरआय? बोगदा एकच, प्रश्न वेगळा

लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाला डॉक्टरांनी ‘कार्डियाक एमआरआय’ लिहून दिला की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, “मागे त्या गोल मशीनमध्ये झोपवलं होतं की, आता परत कशाला?” मागे झाला तो बहुधा सीटी स्कॅन. दोन्हीकडे पलंग सरकत गोलाकार यंत्रात जातो, पण साम्य जवळपास तिथेच संपतं.

जन्मजात दोषात पहिली तपासणी इकोच, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयातलं छिद्र, अरुंद झडप हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. पण इकोच्या लहरींना हाड आणि हवा अडवते. मूल मोठं होतं, छाती रुंदावते, मग हृदयाचे काही कोपरे नीट दिसेनासे होतात. तिथून पुढे सीटी किंवा एमआरआय.

सीटी म्हणजे एक्स-रे. शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडायचं, काही सेकंदांत चित्र तयार. नवजात बाळाच्या फुप्फुसातल्या शिरा भलतीकडेच जोडल्या गेल्यात का, महाधमनी कुठे आवळली आहे, अशा रस्त्यांच्या नकाशासाठी तो उत्तम. अत्यवस्थ बाळासाठी हा वेगच मोलाचा. मात्र किरणोत्सर्ग असतो. हल्ली मात्रा बरीच कमी झाली, तरी ज्याला जन्मभर तपासण्या करायच्या आहेत त्याच्या बाबतीत ती बेरीज मनात ठेवावीच लागते.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही. चुंबक आणि रेडिओ लहरी वापरून शरीरातल्या हायड्रोजनकडून संकेत मिळवायचा. त्याची खरी करामत माझ्या मते चित्रापेक्षा मोजमापात आहे. महाधमनीतून किती रक्त गेलं आणि फुप्फुसधमनीतून किती, हे तो वेगवेगळं मोजतो. निरोगी हृदयात दोन्ही आकडे जवळपास सारखे. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल तर फुप्फुसाकडे दुप्पट रक्तही जाताना दिसतं.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो या, बाळ निळं पडणाऱ्या जन्मजात दोषाचं उदाहरण घ्या. बालपणी ऑपरेशन होतं, निळेपणा जातो, मूल पळायला लागतं. पण फुप्फुसाकडची झडप अनेकदा गळकी राहते आणि उजवा खालचा कप्पा वर्षानुवर्षं गुपचूप फुगत जातो. हा कप्पा डाव्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला असतो, त्यामुळे इकोवर त्याचं आकारमान काढणं म्हणजे बरंचसं अंदाजाचं काम. एमआरआय मात्र पावाच्या स्लाइससारखे काप घेतो, प्रत्येकातलं क्षेत्रफळ मोजून बेरीज करतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे हा आकडा १५०-१६० मिलिलिटरच्या आसपास गेला की नव्या झडपेची चर्चा सुरू होते, तक्रार काही नसली तरी.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. पाऊण-एक तास ठकठकाट, “श्वास सोडा, धरा”. लहानग्यांना बहुतेकदा भूल लागते. तान्ह्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून झोपेतच उरकता येतं.

आणि धातू? छातीचं हाड शिवलेल्या तारांना लोक उगाच घाबरतात, त्या सहसा अडचण करत नाहीत. छिद्र बुजवायला बसवलेली ‘छत्री’ही बहुतेक चालते, फक्त ती बसवताना मिळालेलं कार्ड दाखवायचं. पेसमेकरचं मॉडेल मात्र आधी तपासावंच लागतं. जाताना मागच्या एमआरआयची सीडी पिशवीत टाका. कप्पा किती वाढला हे जुन्या आकड्याशेजारी नवा ठेवल्यावरच कळतं.