थ्रीजीची पार्श्वभूमी: सीडीएमए आलं कसं, विरलं कसं

२००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सचा हँडसेट ५०१ रुपये भरून मिळू लागला, तेव्हा नाशकात सिंहस्थ तोंडावर होता. त्या फोनला सिमकार्ड नसे, नंबर फोनमध्येच भरलेला असे. आतलं तंत्र सीडीएमए-२००० वन-एक्स. सीडीएमए म्हणजे एकाच पट्ट्यातल्या अनेक फोनांना संकेतांनी वेगळं ओळखणारी मोबाइल पद्धत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या यादीत ते तिसऱ्या पिढीत बसत होतं, पण आपल्याकडे त्याला थ्रीजी कुणीच म्हटलं नाही. सरकारदरबारी तर तो धड मोबाइलही नव्हता. परवाना ‘डब्ल्यूएलएल’चा, म्हणजे बिनतारी लँडलाइनचा, आणि फिरण्याची मुभा एका एसटीडी कोडच्या हद्दीपुरती. नाशिकचा कोड ०२५३, त्र्यंबकचा ०२५९४. रामकुंडावर स्नान करून कुशावर्ताला निघालेल्या भाविकाचा फोन कागदोपत्री हद्दीबाहेर जात होता! कंपन्यांनी पळवाटा काढल्या, जीएसएम या दुसऱ्या, सिमकार्डाच्या मोबाइल पद्धतीच्या कंपन्यांनी दाद मागितली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आला, तेव्हा ही अट गेली.

सीडीएमएची मूळ कल्पना लष्करी संदेशवहनातली. ती मोबाइलवर चालेल असा हट्ट अमेरिकेतल्या क्वालकॉमने धरला. आयर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि सहकाऱ्यांनी ही कंपनी १९८५ मध्ये काढली होती. १९९३ मध्ये सीडीएमएचं आयएस-९५ हे मानक झालं, १९९५ मध्ये हाँगकाँगला पहिलं व्यापारी जाळं उभं राहिलं. जीएसएम प्रत्येक कॉलला वेळेचा वेगळा तुकडा देतं. सीडीएमएत सगळे फोन एकाच वेळी, लहरींच्या एकाच १.२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. सेकंदाला ९.६ किलोबिटचा आवाज एका सांकेतिक क्रमाने सेकंदाला १२,२८,८०० ‘चिप्स’मध्ये, म्हणजे बारीक तुकड्यांत, पसरवला जातो. ज्याला तो क्रम ठाऊक त्याला आवाज परत मिळतो, बाकीच्यांना नुसती खरखर.

ही खरखर हाच सगळ्या गोष्टीचा गाभा. टॉवरखालचा फोन जोरात बोलला की लांबच्याचं काहीच ऐकू येत नाही. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा ‘जोर वाढव’ किंवा ‘कमी कर’ असं सांगत असतो. पंचवटीच्या बोळांत भिंतींवर आपटून मागेपुढे पोहोचणारे सिग्नल वाया जात नाहीत, ‘रेक’ रिसीव्हर ते वेगवेगळे पकडून त्यांची बेरीज करतो. पण पर्वणीच्या दिवशी लाखो माणसं गोदाकाठी जमली की एकूण खरखर वाढते, कडेच्या फोनचा जोर अपुरा पडतो आणि टॉवरचं क्षेत्र आक्रसतं. दांड्या दिसतात, कॉल लागत नाही. याला ‘सेल ब्रीदिंग’ म्हणतात. क्षमता आणि पल्ला दोन्ही एकाच खिशातून खर्च होतात, हे थ्रीजीच्या जाहिरातींनी कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या पिढीसाठी जपान आणि युरोपने कल्पना हीच घेतली, मांडणी मात्र वेगळी केली: डब्ल्यूसीडीएमए. पट्टा ५ मेगाहर्ट्झचा, जोर-नियंत्रण सेकंदाला १,५०० वेळा. सीडीएमए-२००० चे टॉवर घड्याळ जीपीएसवर लावतात, डब्ल्यूसीडीएमएने ती सक्ती ठेवली नाही. पेटंटवरून स्वीडनची एरिक्सन आणि क्वालकॉम कोर्टात भिडले होते, मार्च १९९९ मध्ये समेट झाला. त्याच वर्षी चिप्सचा वेग सेकंदाला ४०.९६ लाखांवरून ३८.४ लाखांवर आणून तडजोड झाली, तरी सीडीएमए-२००० आणि डब्ल्यूसीडीएमए ही दोन घरं वेगळीच राहिली. ऑक्टोबर २००० मध्ये कोरियात वन-एक्स आणि बरोबर वर्षभराने जपानमध्ये एनटीटी डोकोमोचं ‘फोमा’ सुरू झालं.

खरी गंमत पुढे आहे. बोलण्यासाठी उत्तम असलेली ही रीत डेटाला जड जाऊ लागली. वेबपान हवं असणारा फोन क्षणभर भरपूर मागतो, मग गप्प बसतो. सीडीएमए-२००० च्या घरातल्या ईव्ही-डीओ या डेटाच्या पद्धतीने जोर वाटून देणं सोडलं आणि दर १.६७ मिलिसेकंदांच्या फटीत टॉवरची पूर्ण ताकद एकाच फोनला द्यायला सुरुवात केली, ज्याचा सिग्नल त्या क्षणी चांगला त्याला आधी. वेग सेकंदाला २.४ मेगाबिटवर गेला. डब्ल्यूसीडीएमएच्या घरातल्या एचएसडीपीएने २ मिलिसेकंदांचे तुकडे घेऊन जवळपास तेच केलं आणि कागदावर १४.४ मेगाबिट गाठले. माझ्या मते सीडीएमएचा शेवट इथेच सुरू झाला: दोन्ही घरं नकळत वेळ वाटून देण्याकडे परतली होती.

नाशिकमध्ये ईव्ही-डीओ डेटाकार्डातून आलं. ‘अधिकृत’ थ्रीजीसाठी २०१० चा लिलाव व्हावा लागला. ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चाललेल्या त्या लिलावात महाराष्ट्र-गोवा मंडळातला पट्टा टाटा, आयडिया आणि व्होडाफोनने प्रत्येकी सुमारे १,२५८ कोटींना घेतला. बीएसएनएलला पट्टा आधीच मिळाला होता.

तोवर क्वालकॉमने आपल्या पुढच्या पिढीच्या तंत्राची यूएमबी योजना २००८ मध्येच गुंडाळून एलटीई, म्हणजे फोरजीचं तंत्र, पत्करलं होतं. त्यात फोनांना वेगळं करायला पसरवणारे संकेत नाहीत, वेळ आणि बारीक उपपट्टे वाटले जातात. रिलायन्सचा सीडीएमएचा ८०० मेगाहर्ट्झ पट्टा पुढे जिओच्या फोरजीकडे गेला, आणि एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद करून तिथेही फोरजीच चालवलं.