काळ्या जमिनीच्या भेगा : यंत्राचा भार आणि मशागत

दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या, भारी जमिनीत ओल उडताना पडणाऱ्या चिरा. या मातीतील माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती ओलीने फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात हात आत जाईल अशा रुंद, कधी मीटरभर खोल भेगा दिसतात. भेगाळणे हा या जमिनीचा धर्मच; भेगांची ठेवण मात्र बरीचशी मशागतीवर ठरते.

माती रवाळ असेल तर आकसण्याचा ताण असंख्य बारीक चिरांत वाटला जातो. तीच दडपली गेली, की सगळा ताण मोजक्याच जागी एकवटतो. भेगा थोड्या, पण रुंद पडतात आणि मध्ये मोठी, टणक ढेकळे उरतात. अशा भेगांनी पिकाची मुळे तुटतात, खालची ओल उडते, आणि दिलेले पाणी मुळांना टाळून थेट खोल जाते. पहिल्या पावसाचे पाणी मात्र याच वाटेने लवकर मुरते, हेही विसरू नये.

माती दडपते ती बहुधा यंत्रांच्या भाराने. हा दाब किती खोल पोहोचतो हे मुख्यतः आसावरच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच्या) वजनावरून ठरते. टायरमधील हवेच्या दाबाचा परिणाम वरच्या थरात अधिक दिसतो. म्हणून रुंद टायर लावल्याने वरची माती वाचते, खालची वाचेलच असे नाही. उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओल्या रानातून ओढल्या जातात तेव्हा नुकसान सर्वांत जास्त. तोच ट्रॅक्टर कोरड्या रानात फारसा बाधत नाही. दोष यंत्रापेक्षा वेळेचा अधिक, म्हणूनच वाफसा (माती ना चिखल ना कोरडी अशी मशागतीजोगी ओल) आल्याशिवाय रानात उतरू नये असे जुने शेतकरी बजावतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर किंवा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारे ट्रॅक्टरचे अवजार) चालवल्यानेही पात्याखाली कठीण थर बसतो. रोटाव्हेटरने वर पिठासारखी झालेली माती पाहून मशागत उत्तम झाली असे वाटते, पण पावसानंतर तिच्यावर पापुद्रा धरतो.

सोलापूरकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीत भेगांवर स्वस्त उपाय रुळला आहे : कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणे. पेरणीनंतर सुमारे 3 आठवड्यांनी फटीच्या, 5 आठवड्यांनी पासाच्या (आडव्या पात्याच्या) आणि 8 आठवड्यांनी दातेरी कोळप्याने रान हलवतात. तिसऱ्या पाळीला भेगा उघडू लागलेल्या असतात. दातेरी कोळप्याने मोकळी झालेली माती त्यांत पडून त्या बुजतात आणि वर मातीचे आच्छादन तयार होते. विदर्भात हेच काम डवरा या अवजाराने होते.

दडपलेली काळी जमीन ओलणे-वाळणे या चक्रातून काही अंशी स्वतःच मोकळी होते, पण खोलवरचा दाब सुटायला फार काळ लागतो. ऑस्ट्रेलियातील कापूस उत्पादकांनी त्यासाठी करडईसारखी खोल मुळांची पिके घेऊन खालचा थर मुद्दाम वाळवून भेगाळू दिला. यंत्रांची चाके दरवर्षी ठरलेल्या पट्ट्यांतूनच नेण्याची पद्धतही तिथे रूढ आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेल्या रुंद वरंबा-सरी पद्धतीत चाके, बैल आणि माणसे सरीतून चालतात. पिकाचा वरंबा तुडवला जात नाही.