जुन्या स्पोर्ट्स कारची इग्निशन कॉइल बदलण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते. अर्धा तास चालली की मिसिंग करायला लागते, झटके देते आणि बंद पडते. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक ग्राहक निदानही सोबतच आणतात: "कॉइल गेलीय, बदलून टाका." कॉइल गेल्यावर असं होतं हे खरं आहे. पण कंडेन्सर गेल्यावरही हुबेहूब असंच होतं, आणि कार्ब्युरेटरपर्यंत येणाऱ्या पेट्रोलची उष्णतेने वाफ झाली तरीही असंच होतं. म्हणून मोजल्याशिवाय आम्ही कॉइल बदलत नाही.

कॉइलचं काम

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची प्रायमरी काहीशे वेढ्यांची, केसासारख्या बारीक तारेची सेकंडरी हजारो वेढ्यांची. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला आळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) यातले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, मिटलेले असतात तेव्हा प्रायमरीतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र एका झटक्यात कोसळतं आणि सेकंडरीत 20 हजार व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होऊ शकतो. त्यानेच प्लगमध्ये स्पार्क पडतो. चार्ल्स केटरिंग यांनी उभी केलेली ही पद्धत कॅडिलॅकमध्ये आली आणि नंतर कित्येक दशकं बहुतेक गाड्या तिच्यावरच धावल्या.

यात कंडेन्सरचा वाटा मोठा आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी उडू न देणं आणि करंट झटकन तोडणं हे त्याचं काम. तो कमजोर झाला की पॉइंट निळे-काळे पडतात, स्पार्क पिवळट आणि अशक्त होतो, आणि दोष मात्र कॉइलवर जातो. आणखी दोन गोष्टी आम्ही आधी बघतो: रोटरमधून (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) स्पार्क खालच्या शाफ्टवर गळतोय का, आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती छोटी लवचिक वायर. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या या वायरचे तंतू आत तुटलेले असतात. व्हॅक्यूमने प्लेट हलली की संपर्क जातो, रेस सोडली की परत येतो.

मोजमाप कसं करतो

कॉइलच्या वायरी काढून प्रायमरीचा रोध मोजतो. आकडे इतके लहान असतात की मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करावाच लागतो. सेकंडरी किलोओहममध्ये मोजतो. बहुतेक जुन्या डबा-कॉइलमध्ये ती 5 ते 15 किलोओहमच्या दरम्यान येते. थंड कॉइल मोजून थांबत नाही. गाडी गरम करून, बिघाड दिसायला लागला की लगेच पुन्हा मोजतो. त्याच वेळी टेस्टर लावून स्पार्क आहे की नाही ते पाहतो. स्पार्क जोरदार असेल आणि तरी गाडी बंद पडत असेल, तर शोध पेट्रोलच्या बाजूला न्यायचा.

डोळ्यांनीही बरंच कळतं. हाय टेन्शन वायर (कॉइलमधून स्पार्क बाहेर नेणारी) जिथे घुसते त्या बुंध्यावर कधीकधी पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. ती कार्बनची वाट आहे. अंधारात इंजिन चालू ठेवलं की तिच्यावरून निळी ठिणगी सरपटताना दिसते. पुसून ती जात नाही. अशी कॉइल बदलायचीच. डब्याच्या कडेला तेल पाझरलेलं असेल तरीही तेच.

3 ओहम की 1.5 ओहम?

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सविस्तर सांगतो. काही गाड्यांत कॉइलला थेट 12 व्होल्ट मिळतात. त्यांची प्रायमरी साधारण 3 ओहमची असते. काही गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलस्ट रेझिस्टर (करंट मर्यादेत ठेवणारा रोध) असतो आणि कॉइल साधारण 1.5 ओहमची. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा दाब खाली येतो, तेव्हा बॅलस्ट बाजूला टाकून कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब दिला जातो, म्हणजे थंडीतही गाडी पटकन सुरू होते.

आता 1.5 ओहमची कॉइल बिनबॅलस्टच्या गाडीला लावली तर करंट 4 अँपिअरऐवजी 8 अँपिअरपर्यंत जातो. पॉइंट जळतात, कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते. उलट, बॅलस्टच्या गाडीला 3 ओहमची लावली तर करंट अडीच-पावणेतीनवर येतो आणि चढावर, जोर लागला की मिसिंग सुरू. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या स्पोर्ट (जास्त दाब देणाऱ्या) कॉइलमध्ये डीएलबी 105 बिनबॅलस्टची आणि डीएलबी 110 बॅलस्टची. चुकीची उचलली जाणं सहज शक्य आहे. शिवाय बॅलस्ट नेहमी दिसतोच असं नाही. शेवटच्या वर्षांतल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये तो वेगळा भाग नसून वायरिंगमधली गुलाबी-पांढरी रोधक वायरच आहे. आम्ही इग्निशन ऑन करून, पॉइंट मिटलेले ठेवून कॉइलवरचा दाब मोजतो. 12च्या जवळ आला तर बॅलस्ट नाही, 6-7 आला तर आहे.

अर्थिंगची बाजू

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्या मुळात पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं; निगेटिव्ह अर्थमध्ये मायनस टोक. जग्वार ई-टाइप 1964मध्ये 4.2 लिटरच्या इंजिनाबरोबर निगेटिव्ह अर्थवर आली, एमजीबी 1967मध्ये. नंतर बदलून घेतलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू (स्विच) आणि सीबी (पॉइंट) असं लिहिलेलं असतं, नव्यांवर प्लस-मायनस. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत मायनस डिस्ट्रिब्युटरकडे जातो, पॉझिटिव्ह अर्थमध्ये प्लस. उलटं जोडलं तरी गाडी चालते, आणि म्हणूनच चूक वर्षानुवर्षं लपून राहते. प्लगच्या मधल्या गरम टोकाकडून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलट जोडणीत ते थंड टोकाकडून खेचावे लागतात आणि जास्त दाब लागतो.

स्पोर्ट कॉइलने पॉवर वाढते का?

ठीकठाक असलेल्या, मूळ स्थितीतल्या इंजिनात नाही. प्लगच्या फटीतून उडी मारायला जेवढा दाब लागतो तेवढाच तयार होतो. कॉइल 40 हजार व्होल्टची असली तरी उरलेली क्षमता वापरलीच जात नाही. जास्त कॉम्प्रेशन, मोठी फट किंवा खूप चढे आरपीएम असतील तर तिचा उपयोग होतो. केवळ डब्याच्या रंगासाठी घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

1969च्या मॉडेलपासून पोर्शे 911च्या ई आणि एस प्रकारांत सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर चालणारं इग्निशन) आहे. तिथे साधी कॉइल चालत नाही, तिथला ट्रान्सफॉर्मर वेगळा. प्रायमरीवरच कित्येकशे व्होल्ट असतात, म्हणून इंजिन चालू असताना तिथे हात घालू नका. पेसमेकर असलेल्यांनी कोणत्याही गाडीच्या चालू इग्निशनपासून दूरच राहावं.

बदलल्यावर

नव्या कॉइलबरोबर आम्ही पॉइंटची फट आणि टायमिंग तपासून देतो. मूळ कॉइल फेकत नाही, तुम्हाला परत करतो. लुकासच्या कॉइलच्या बुडाशी तारखेचा शिक्का असतो आणि गाडीच्या मूळ भागांची नोंद ठेवणाऱ्याला तो मोलाचा असतो.

तुमच्याकडून एकच काळजी हवी: इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन सोडू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून सतत करंट वाहतो, ती तापते आणि आतलं तेल बाहेर येतं. रेडिओ ऐकायचा असेल तर चावी अॅक्सेसरीवर ठेवा.

गाडी आणताना अर्थिंग बदललं आहे का, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे का आणि याआधी कॉइल बदलली होती का, हे सांगा. जुनी कॉइल डिकीत पडून असेल तर तीही आणा; तिची मापं त्याच वेळी घेऊन ठेवू.