पार्श्वभूमी : कराचीची खारीक दुबईमार्गे का येऊ लागली

जून 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, न्हावाशेवा बंदरात 39 कंटेनर अडवले. आत खारकेसह 1,115 टन माल होता, किंमत साधारण 9 कोटी रुपये. कागदोपत्री माल संयुक्त अरब अमिरातीचा, प्रत्यक्षात पाकिस्तानचा, आणि पाकिस्तानी मालाला मे 2025 पासून मनाई. कारवाईचं नाव होतं ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’. भागाकार केला तर किलोला जेमतेम 80 रुपये पडतात. सोनं नव्हे, अंमली पदार्थ नव्हेत. ओटीत आणि बाळंतिणीच्या लाडवात पडणारा जिन्नस. तो एवढा वळसा घालून चोरवाटेने का यावा, याचं उत्तर शोधायचं तर पाऊणशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी मालाविषयी. सिंधमधल्या सक्कर-खैरपूर पट्ट्यात असील जातीचा खजूर जुलै-ऑगस्टमध्ये तयार होतो, नेमका पावसाच्या तोंडावर. झाडावरच पिकू दिला आणि सर पडली, तर फळ फुटतं, आंबतं. म्हणून बागायतदार तो पिवळा आणि टणक असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि चटयांवर उन्हात सुरकुतेपर्यंत वाळवतात. ही झाली खारीक. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत होता. म्हणजे इथली आयात थांबली की तिथल्या बागायतदाराकडे दुसरा तेवढा मोठा बाजार उरत नाही.

मुंबई आणि सिंध हे कधीकाळी एकाच दप्तरात होते. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर इंग्रजांनी 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि 1 एप्रिल 1936 ला वेगळा केला. सक्करचा 66 दरवाजांचा, सात कालव्यांचा बंधारा मुंबई सरकारनेच बांधला. 1932 मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर लॉइड यांचं नाव होतं. त्याच्या पाण्यावर सिंधमध्ये कापूस वाढला आणि मुंबईच्या गिरण्यांना लांब धाग्याच्या कापसाचा एक स्रोत मिळाला. कराची मुंबईहून समुद्रमार्गे सुमारे 500 सागरी मैलांवर. व्यापाऱ्याच्या लेखी ते किनाऱ्यावरचं पुढचं बंदर होतं, परदेश नव्हे.

फाळणीनंतरही काही महिने सीमेवर जकात नव्हती. 1 मार्च 1948 पासून दोन्ही देशांनी जकातीपुरतं एकमेकांना परदेश मानलं. पण गाडी खरी अडली ती सप्टेंबर 1949 मध्ये. ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, भारताने रुपयाचं केलं, पाकिस्तानने नकार दिला. एका रात्रीत 100 पाकिस्तानी रुपयांचे 144 भारतीय रुपये झाले. हा दर भारताने मानला नाही आणि फेब्रुवारी 1951 मध्ये करार होईपर्यंत व्यापार बहुतांशी ठप्प राहिला.

या दीड वर्षाचं महत्त्व युद्धांपुढे झाकलं जातं, पण आमच्या मते कायमची तोड इथेच पडली. ताग पिकत होता पूर्व बंगालमध्ये, गिरण्या होत्या कोलकात्यात. कापूस सिंध-पंजाबात, कापड मुंबई-अहमदाबादेत. कोंडी होताच पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी तागगिरणी उभी केली, कराचीत कापडगिरण्या काढल्या. भारताने तागाखालचं क्षेत्र वाढवलं. 1955 मध्ये पाकिस्तानने आपल्या रुपयाचं अवमूल्यन केलं तोवर मुंबईच्या कापडाचं तिथलं हक्काचं गिऱ्हाईक हातचं गेलेलं होतं.

1965 च्या युद्धाने उरलंसुरलं बंद केलं. मुंबई-कराची आगबोट थांबली आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या नागरिकांची मालमत्ता ताब्यात घेतली. 1968 च्या शत्रुमालमत्ता कायद्यानुसार भारतातल्या अशा मिळकती सरकारी अभिरक्षकाकडे राहिल्या. दक्षिण मुंबईतल्या काही जुन्या इमारतींचे भाडेकरू अजून त्या कागदांत अडकलेले आहेत. व्यापार पुन्हा सुरू व्हायला 1974 अखेरचा करार लागला आणि जहाजांसाठी जानेवारी 1975 चा वेगळा करार. त्यात एक मेख होती : या मार्गावरच्या दोन्ही देशांच्या जहाजांनी फक्त परस्परांचाच माल न्यायचा, तिसऱ्या देशाचा उचलायचा नाही. जाताना भरलेलं जहाज येताना रिकामं आलं तर भाडं दोन्ही फेऱ्यांचं लागतं. ही अट डिसेंबर 2006 मध्ये निघाली. तोवर दुबईची वाट मळलेली होती.

तिकडे वळवणारं दुसरं कारण म्हणजे याद्या. भारताने 1996 मध्ये पाकिस्तानला ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा दर्जा दिला. पाकिस्तानने तो उलट भारताला दिला नाही. ठरावीक वस्तूंचीच आयात चालू ठेवली. 2012 मध्ये ती पद्धत उलटवून 1,209 वस्तूंची नकारयादी, म्हणजे न आणायच्या मालाची यादी, काढली, पण वाघा-अटारीच्या रस्त्याने फक्त 137 वस्तूंनाच वाट दिली. यादीत न बसणारं यंत्र किंवा रसायन मुंबईहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जायचं, तिथे कागद बदलायचे आणि कराचीला उतरायचं. थेट अंतराच्या तिपटीहून जास्त समुद्र, दोनदा चढउतार, मधल्याचं कमिशन वेगळं.

पुलवामा हल्ल्यानंतर भारताने पसंतीचा दर्जा काढला आणि 16 फेब्रुवारी 2019 ला पाकिस्तानी मालावर सरसकट 200 टक्के सीमाशुल्क लावलं. हिशेब करून पाहा : 100 रुपयांच्या मालावर 200 रुपये शुल्क आणि त्या 300 वर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. अटारीला त्याच दिवशी ज्यांनी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्काकडे द्यायचं घोषणापत्र, भरलं होतं, त्यांच्याकडेही हा दर मागितला गेला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अधिसूचना ई-राजपत्रावर चढली ती वेळ निघाली रात्रीचे 20:46:58. त्याआधी सादर झालेल्या बिलांना जुनाच दर, असा निकाल सप्टेंबर 2020 मध्ये लागला. तारखेऐवजी सेकंद मोजून जकात ठरली. ऑगस्ट 2019 मध्ये पाकिस्ताननेही आपल्या बाजूने व्यापार थांबवला.

200 टक्के शुल्क म्हणजे बंदी नव्हे; तो आडवाटेला दिलेला भाव असतो. शुल्क जितकं जास्त, तितका मूळ देश लपवण्यातला नफा मोठा. पहलगाम हल्ल्यानंतर 2 मे 2025 च्या अधिसूचनेने ही फटही बुजवली : पाकिस्तानात उत्पादित किंवा तिथून निर्यात झालेला कोणताही माल, थेट वा अप्रत्यक्ष, आयातीला आणि पारगमनालाही, म्हणजे भारतातून पुढे नेण्यालाही, मनाई. त्याच सुमारास पाकिस्तानी ध्वजाच्या जहाजांना भारतीय बंदरं बंद झाली.

लपवण्याची रीत साधी आहे. कराची ते जेबेल अली एका जहाजात, एका कंटेनरात. तिथे माल दुसऱ्या कंटेनरात, दुसऱ्या जहाजावर. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालपावती, नवं, मूळ देश ‘यूएई’. फसतं ते कागद एकमेकांशी जुळत नाहीत तिथे. कंटेनर बदलला तरी पहिल्या फेरीची नोंद शिपिंग कंपनीकडे राहते. पैसे कुणाला पोचले याचा माग बँकेत असतो. व्यापारकराराखाली शुल्कसवलत मागितली असेल आणि मूळ देशाच्या दाखल्यावर शंका आली तर 2020 च्या नियमांनुसार सीमाशुल्क अधिकारी आयातदाराकडेच उत्पादनाचा तपशील मागू शकतात. ‘पुरवठादाराने दिलेला दाखला लावला’ एवढं म्हणून सुटका होत नाही. मसाला बाजारातल्या प्रामाणिक आयातदाराचीही इथेच पंचाईत होते, कारण खारकेकडे पाहून ती खैरपूरची की आणखी कुठली, हे सांगणं जुन्या हातालाही अवघड.

पर्याय आहेत. ओमानमध्ये मबसली खजूर असाच उकडून वाळवतात आणि तो भारतात पूर्वापार येतो. सैंधवाचं मात्र तेवढं सोपं नाही : उपासाच्या ताटातलं गुलाबी मीठ वर्षानुवर्षं पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून येत होतं.

मे 2025 च्या बंदीचा सगळ्यात मोठा फटका मात्र खारकेला बसलेला नाही. पूर्वी एकच मोठं जहाज न्हावाशेवा किंवा मुंद्रा आणि कराची अशी बंदरं एका फेरीत करायचं. आता पोटात एकही पाकिस्तानी कंटेनर असेल तर ते भारतीय बंदरात लागू शकत नाही. त्यामुळे कंपन्यांनी फेऱ्या वेगळ्या केल्या. कराचीचा माल आता लहान जहाजांनी आधी आखाती किंवा इतर बंदरांत जातो आणि तिथून मोठ्या जहाजावर चढतो. त्यात दिवस वाढतात आणि भाडंही.