लिलीचा कांदा खाली कोणी ओढला?

मे महिन्यात आमचा मागचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नवीन बांधायला काढला आणि त्याच्या कडेची क्रायनम लिली हलवायची वेळ आली. तीच ती, पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी पट्टे असलेली, संध्याकाळी घमघमणारी. कांदा मीच लावला होता, 6 वर्षांपूर्वी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणून, जेमतेम चार बोटं खोल, मान मातीच्या वर ठेवून. म्हटलं दोन मिनिटांचं काम. नवरा पिकास घेऊन खणतोय खणतोय, पांढरी मान खाली खाली जातेच आहे आणि कांदा काही लागेना. शेवटी वीतभराच्याही खाली सापडला, नारळाच्या करवंटीएवढा. शेजारची वहिनी गडग्यापलीकडून बघत होती, म्हणाली, "राखणदारान ओडून व्हेलो आसतलो." म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाने ओढून नेला असेल.

आता आमच्या वाड्यावर राखणदाराला आधीच काय कमी कामं आहेत? त्यात कांदे ओढायचं कुठे लावता! मला आधी वाटलं, वर माती साचली असेल, पाचोळा कुजून थर चढला असेल. पण आमची जागा उताराची आहे, वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत धो धो, माती वाहूनच जाते. म्हणजे खरं तर कांदा उघडा पडायला हवा होता. उलट तो खाली गेला.

तर गेला तो स्वतःच, मुळांनी ओढून नेला. शाळेत आपण मुळांची दोन कामं शिकलो, झाडाला धरून ठेवायचं आणि पाणी शोषायचं. कांदेवाल्या बऱ्याच झाडांना तिसऱ्या कामाची वेगळी मुळं असतात, मी त्यांना ओढमुळं म्हणते. बाकीच्या मुळांपेक्षा जाड आणि कांद्याजवळ त्यांच्यावर आडव्या सुरकुत्या. चुडीदार घोट्यापाशी कसा चुणतो, अगदी तसं. आणि कारणही तेच आहे हो. कापड पायापेक्षा लांब म्हणून चुण्या पडतात, इथे मुळाचा आतला भाग आखडून आखूड झाला आणि बाहेरची साल होती तेवढीच राहिली, मग ती जाणार कुठे, चुणते.

पण झाडाला स्नायू नाहीत, मग मूळ आखडतं कसं? हे मला भयंकर आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सायकलची ट्यूब कापून त्याची नळी केली, दोन्ही टोकं बांधली आणि तिच्याभोवती आडवी दोरी जवळजवळ गुंडाळली असं समजा. आता हवा भरली तर ती फुगून जाड होणार नाही, दोरी अडवते, म्हणून ती लांब होईल. वाढणाऱ्या मुळाची पेशी अशीच असते. हवेच्या जागी आत पाण्याचा दाब आणि दोरीच्या जागी पेशीभित्तिकेतले सेल्युलोजचे धागे, बहुतेक आडवे. म्हणून मूळ लांब वाढतं. आता तीच दोरी काढून नळीच्या लांबीच्या दिशेने उभी लावा आणि हवा भरा. उभ्या दोऱ्या ताणायला तयार नाहीत, म्हणजे लांबी वाढू शकत नाही, मग नळी मध्ये फुगते आणि फुगल्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढली जातात. जाड होते तेवढी आखूड होते.

ओढमुळात नेमकं हेच घडतं. वरच्या सालीच्या आतल्या गराच्या पेशी आधी नेहमीसारख्या लांब वाढतात, मग त्यांच्यातल्या सूक्ष्मनलिकांची दिशा बदलते, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल म्हणतात त्या, ज्या नवीन सेल्युलोज कुठल्या दिशेने विणायचं ते ठरवतात, आणि नवे धागे तिरके किंवा उभे पडायला लागतात. पाणी आत येतं, पेशी रुंदावते आणि बुटकी होते. अशा हजारो पेशी एकावर एक, सगळ्या थोड्या थोड्या बुटक्या झाल्या की मुळाचा तेवढा पट्टा बराच आखडतो. मधून जाणाऱ्या पाण्याच्या नळ्याही त्यात नागमोडी होतात. मुळाचं टोक खाली मातीला घट्ट धरून बसलेलं असतं, ते हलत नाही, म्हणून हलतो तो कांदा. एका मोसमात थोडंच, पण दर वर्षी नवी ओढमुळं येतात.

मग थांबायचं कधी? नाहीतर आमचा कांदा थेट विहिरीत. ईस्टर लिली, म्हणजे ती पांढरी कर्ण्यासारखी, हिच्यावरच्या प्रयोगांत दिसलंय की उजेड पडला तर ओढमुळं कामाला लागतात, त्यातही निळा उजेड. ग्लॅडिओलसमध्ये उजेडापेक्षा तापमानाची चढउतार महत्त्वाची. वरच्या मातीत दुपारी चटका आणि पहाटे गारवा, खोल गेलं की हा फरक विरत जातो. म्हणजे कांदा खोली मोजत नाही, त्याला फक्त आपण अजून वर आहोत का एवढंच कळतं. ते कळायचं थांबलं की ओढणंही थांबतं.

एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर कोणीतरी विचारेलच. आपण लिली म्हणतो त्या सगळ्या काही लिली नाहीत. क्रायनम, पावसात उगवणारी गुलाबी रेन लिली, मे महिन्यातली लाल फुटबॉल लिली, या सगळ्या कांदा-लसणीच्या कुळातल्या. म्हणून त्यांचे कांदे चुलीकडे नेऊ नका बरं, क्रायनममध्ये लायकोरिन नावाचं विष असतं, ओकाऱ्या होतात. खऱ्या लिलीचं कूळ वेगळं, तिलाही ओढमुळं असतात, पण तिला आमची हवा मानवत नाही. ईस्टर लिलीच्या कांद्याला फुलायच्या आधी साधारण 6 आठवडे 4 ते 7 अंश थंडी लागते आणि आमच्याकडे जानेवारीत पहाटे 20 अंश झाले तरी लोक स्वेटर घालतात. त्यामुळे पाकिटातला कांदा पहिल्या वर्षी फुलतो, थंडी तो खाऊनच आलेला असतो, पुढच्या वर्षी नुसती पानं. मग रील बघून त्याला तांदळाचं पाणी, केळ्याच्या साली आणि अमावास्येचा मुहूर्त. त्याला फ्रीज हवाय, तुम्ही पंचांग काय दाखवताय!

कुंडीत लावणाऱ्यांनी मात्र ओढमुळांचा विचार करावा. उथळ कुंडीत कांदा दोन-तीन वर्षांत तळाला जाऊन बसतो, तिथेच पाणी साचतं आणि जुलैत मान पिवळी पडते, आपण म्हणतो पाऊस जास्त झाला. खोल कुंडी घ्या. आणि दर वर्षी उपटून पुन्हा वर लावू नका, बिचारा फुलांची शिदोरी खाली जाण्यातच खर्च करतो.

आमचा कांदा आता नव्या गडग्यापाशी आहे, त्याला आलेलं पिल्लू शेजारी लावलंय. दोन्ही चार बोटंच खोल. मोठ्याच्या मानेभोवती नारळाची सोडणं दाबून अंधार केलाय, पिल्लू उघडं ठेवलंय, आणि दोघांच्या बाजूला आईस्क्रीमच्या काड्यांवर पेनाने खुणा करून रोवल्यात. वयात फरक आहे, म्हणजे प्रयोग म्हणून लंगडाच आहे हे मला माहीत आहे. पुढच्या मे महिन्यात खणून बघणार म्हटलं, तर नवरा म्हणतो पिकास कोण धरणार ते आधी ठरव.