दोन आठवड्यांचा अव्वल: कार्लोस मोया

१५ मार्च १९९९ रोजी पुरुषांच्या टेनिस क्रमवारीत पीट सॅम्प्रासच्या वर एक नवं नाव लागलं: कार्लोस मोया, स्पेन. दोनच आठवड्यांत सॅम्प्रासने जागा परत घेतली. मोया त्यानंतर ११ वर्षं खेळला, पण तिथे पुन्हा पोहोचला नाही. अव्वल राहिलेल्या पुरुषांत त्याच्याहून कमी काळ टिकलेला एकच, पॅट राफ्टर. त्याचा मुक्काम तर आठवडाभराचाच. तरीही स्पॅनिश टेनिसचा इतिहास सांगताना हे दोन आठवडे वगळता येत नाहीत. संगणकीय क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून त्या शिखरावर गेलेला हा पहिला स्पॅनिश पुरुष. महिलांत अरांचा सांचेझ व्हिकारिओने ते १९९५ मध्येच करून दाखवलं होतं.

पुरुषांना एवढा उशीर का लागला, याचं उत्तर तिथल्या मातीत आहे. स्पेनमधले क्लब म्हणजे प्रामुख्याने लाल मातीची कोर्टं. मातीवर चेंडू टप्पा पडल्यावर मंदावतो, उंच उसळतो. एकेका गुणासाठी वीस-वीस फटके मारावे लागतात. तिथे वाढलेल्या पोराच्या अंगी चिकाटी येते, दम येतो, फिरकी येते. सर्व्हिस मात्र बऱ्याचदा लेचीपेचीच राहते. आपल्याकडे कुस्तीत मातीचा पैलवान आणि गादीचा पैलवान असा फरक करतात, तसलाच हा प्रकार. मानोलो सांताना हा थोर अपवाद. माद्रिदच्या एका क्लबात चेंडू गोळा करणारा हा मुलगा पुढे १९६५ मध्ये अमेरिकन आणि १९६६ मध्ये विम्बल्डन, दोन्ही स्पर्धा गवतावर जिंकून गेला. पण ती वाट पुढे कुणी मळवली नाही. मानुएल ओरांतेसने १९७५ मध्ये अमेरिकन स्पर्धा जिंकली, तेव्हा तिथेही तात्पुरती मातीच होती. सर्जी ब्रुगेराने १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन वर्षं पॅरिस, म्हणजे फ्रेंच स्पर्धा, जिंकलं; त्यातल्या दुसऱ्या वर्षी तर अंतिम सामन्यात समोर आल्बेर्तो बेरासातेगी, म्हणजे दोघंही स्पॅनिशच. माती सोडून हार्ड कोर्टावर, म्हणजे कडक कृत्रिम पृष्ठभागावर, गेलं की मात्र या मंडळींचा दबदबा ओसरायचा.

मोयाचा जन्म २७ ऑगस्ट १९७६चा, मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरातला. मातीवरच वाढला, पण घडला निराळा. उंची सहा फुटांच्या वर, सर्व्हिस जोरकस आणि फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, असा की बॅकहँडच्या, म्हणजे उलट बाजूच्या, कोपऱ्यात आलेला चेंडूही तो पळत वळसा घालून फोरहँडनेच मारायचा. बॅकहँड दुबळा होता, हे प्रतिस्पर्ध्यांनाही ठाऊक होतं. पहिलं विजेतेपद १९९५ मध्ये ब्युनोस आयर्सला, अर्थात मातीवर.

मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत १९९७ साली मात्र गणित उलटलं. बिगरमानांकित मोयाने पहिल्याच फेरीत गतविजेत्या बोरिस बेकरला पाच सेटमध्ये घरी पाठवलं, उपांत्य फेरीत दुसऱ्या मानांकित मायकल चँगला सरळ सेटमध्ये हरवलं. अंतिम सामन्यात सॅम्प्रासने त्याला ६-२, ६-३, ६-३ असं सहज गुंडाळलं, पण स्पॅनिश पोरगा हार्ड कोर्टावर ग्रँड स्लॅमच्या (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या) शेवटच्या दिवसापर्यंत टिकू शकतो, हे दिसलं होतं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला खरा टप्पा हाच, पॅरिस त्यानंतरचं.

पॅरिस आलं १९९८ मध्ये. प्रशिक्षक होसे पेरलास. उपांत्यपूर्व फेरीत त्या वर्षी भरात असलेला मार्सेलो रिओस, मग फेलिक्स मांतिया आणि शेवटी जवळचा मित्र अ‍ॅलेक्स कोरेत्जा. निकाल ६-३, ७-५, ६-३. सामना संपल्यावर दोघे मित्र एकमेकांच्या गळ्यात पडले. फुटबॉल विश्वचषक तोंडावर होता, त्यामुळे करंडक द्यायला पेले आले होते. त्याच वर्षी मोयाने अमेरिकन स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि हॅनोव्हरच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात पहिले दोन सेट जिंकून कोरेत्जाकडून हरला. मित्राने उट्टं काढलं म्हणायचं. पुढच्या मार्चमध्ये इंडियन वेल्सची अंतिम फेरी गाठली आणि तो अव्वल झाला. गंमत म्हणजे तो अंतिम सामना तो हरला होता.

त्याच वर्षी पाठीच्या दुखापतीने गाठलं आणि पुढची दोन वर्षं वाया गेल्यातच जमा. सावरल्यावर २००२ मध्ये सिनसिनाटीला लेटन ह्युइटला हरवून हार्ड कोर्टावरचा मोठा करंडक मिळवला, २००४ मध्ये रोम जिंकलं. त्याच डिसेंबरात सेव्हियाला डेव्हिस चषकाची, म्हणजे देशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, अंतिम लढत झाली, अमेरिकेविरुद्ध, २७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. मोयाने मार्डी फिशला हरवलं आणि निर्णायक सामन्यात अँडी रॉडिकला. चषक स्पेनचा झाला. पण त्या लढतीतलं लोकांच्या लक्षात राहिलेलं नाव वेगळंच: पहिल्या दिवशी रॉडिकला हरवणारा १८ वर्षांचा राफेल नदाल.

नदालही मायोर्काचाच, मानाकोर गावचा, मोयाहून दहा वर्षांनी लहान. शाळकरी वयापासून तो मोयाबरोबर सराव करायचा. २००३ मध्ये हॅम्बुर्गला सोळा वर्षांच्या या पोराने मोयाला हरवलं. त्याच उन्हाळ्यात उमागला मोयाने परतफेड केली.

भारतीय प्रेक्षकांना हे दोघे दिसले चेन्नईत. मोयाने २००४ आणि २००५ मध्ये चेन्नई ओपन जिंकली, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात थायलंडचा पॅराडॉर्न श्रीचापन. दुसरी स्पर्धा त्सुनामीनंतर अवघ्या काही दिवसांनी सुरू झाली होती. मोयाने बक्षिसाची रक्कम आपद्‌ग्रस्तांना दिली. जानेवारी २००८ मध्ये तिथेच उपांत्य फेरीत तो आणि नदाल तीन तास ५४ मिनिटं खेळले. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले, नदाल जिंकला आणि अंतिम सामन्यात थकून मिखाईल यूझ्नीकडून ०-६, १-६ असा हरला. हीच स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात, बालेवाडीत आली. तोवर मोया निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने रॅकेट ठेवली तेव्हा नावावर २० विजेतेपदं होती. २०१४च्या मोसमासाठी स्पेनच्या डेव्हिस चषक संघाचं कर्णधारपद मिळालं, ते मात्र फसलं: मोठे खेळाडू संघात नाहीत, आधी जर्मनीकडून हार, मग ब्राझीलकडून, आणि वर्ष संपायच्या आत राजीनामा. कॅनडाच्या मिलोस राओनिकच्या प्रशिक्षक-चमूत २०१६ मध्ये काही काळ काढला. राओनिकने त्या वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली.

डिसेंबर २०१६ मध्ये नदालने त्याला बोलावून घेतलं. नदालची ग्रँड स्लॅम तेव्हा १४ होती, दोन वर्षांहून जास्त काळ एकही आलं नव्हतं आणि गुडघे, मनगट कुरकुरत होते. मोयाचा भर सर्व्हिसवर आणि गुण लवकर संपवण्यावर राहिला. १४ची संख्या २२ झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालागाला नदाल शेवटचा सामना खेळला, तेव्हा ४८ वर्षांचा मोया अजूनही त्याचा प्रशिक्षक होता.