मोटार अपघातात जखमी झाल्यास नुकसानभरपाईचा दावा: मुदत, कागदपत्रे आणि अपंगत्वाचा टक्का

आधी मुदत बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. 'प्लास्टर निघू दे, मग वकील बघू' म्हणता म्हणता चार महिने सहज जातात.

दावा जखमीला स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला करता येतो. मृत्यू झाला असेल तर वारसांना. अपघाताचं ठिकाण, अर्जदाराचं राहण्याचं वा कामधंद्याचं ठिकाण किंवा सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याचा) पत्ता, यांपैकी कुठल्याही हद्दीतलं मोटार अपघात दावा प्राधिकरण चालतं. म्हणजे नाशिकच्या माणसाला सोलापूरजवळ धडक बसली तरी तारखांना सोलापूर गाठायची गरज नाही. चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामनेवाले करा. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर वेगळी योजना आहे: गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये, मृत्यूला २ लाख. तो अर्ज महसूल खात्यातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचं आरसी, चालकाचं लायसन्स आणि पॉलिसीची प्रत घ्या. दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि मूळ बिलं; औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा टाकू नका. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला जोडा, कारण आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. उत्पन्नासाठी पगारपत्रक, आयकर विवरणपत्र किंवा बँकेचा खातेउतारा.

आता खरा मुद्दा. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का जसाच्या तसा अर्जात उतरवणं ही वकिलांची नेहमीची चूक. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, त्या इजेमुळे या माणसाची कमाई किती बुडाली हे बघायचं असतं. हात गेलेल्या कारकुनाला नोकरी टिकवता येईल. चालकाचा मात्र धंदाच बसतो.

हिशेब करून बघा. वय ३२, स्वतःचा धंदा, महिना २०,००० रुपये. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २८,०००, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. कमाईचं नुकसान दाखल्याप्रमाणे २० टक्के धरलं तर १०,७५,२०० रुपये. ४० टक्के शाबीत केलं तर २१,५०,४००. उपचारखर्च आणि वेदनांची भरपाई याशिवाय.

म्हणून पक्षकार रोज नेमकं काय काम करत होता, हे त्याच्या शपथपत्रात तपशिलाने लिहा: किती वजन उचलायचा, किती तास उभा असायचा. मालक किंवा सहकारी साक्षीला आणा. दाखला शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच घ्या आणि त्यांची साक्ष नोंदवा. जखमीला एकदाही न तपासता दिलेला दाखला उलटतपासात टिकत नाही.